अण्णांची कंपनी

मुरुमच्या पोस्टात मी रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात काउंटरच्या जाळीखालून एक लांब पाकीट आत सरकलं आणि पाठोपाठ प्रश्न आला, "नव्या बाई, तुमाला गाणं ऐकाया येतं का?"

मी म्हटलं, "ऐकायला काय, सगळ्यांनाच येतं."

"न्हाय येत," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. "आमच्या कंपनीत बी कुणाला येत न्हाय. त्याच्यासाठीच तर ह्ये पाठवायचंय. रजिस्टर करा, आन् पोच पाहिजे."

सत्तरीतला उंच माणूस. पांढरा शर्ट, पायजमा, खिशाला दोन पेनं आणि खिशाच्या वर एक पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावरची अक्षरं पार पुसून गेलेली, फक्त धोतऱ्याच्या फुलासारखा एक भोंगा तेवढा ओळखू येत होता. मागं रांगेत उभ्या असलेल्या बाईनं मला डोळ्यानं खुणावलं, की घ्या बाई, वाद घालू नका. हे विश्वनाथ बिराजदार. अख्खं मुरुम त्यांना कंपनीवाले अण्णा म्हणायचं.

बाजारपेठेत त्यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. होतं म्हणजे, पुढच्या निम्म्या भागात त्यांची सून सुवर्णा मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकायची, आणि मागच्या निम्म्या भागात अण्णा, एक प्लेअर आणि भिंतभर तबकड्या. दारावर पाटी होती, 'अधिकृत विक्रेते'. त्याखाली कंपनीचं नाव. हे नाव मी इथं लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. कुठलं लिहू हाच प्रश्न आहे. मी मुरुमला होते त्या सात वर्षांत ते दोनदा बदललं, आणि त्याआधीही दोनदा बदललेलं होतं. दर वेळी अण्णा पेंटरला बोलवायचे. जुन्या नावाची अक्षरं नव्या रंगातून वर यायची, त्यामुळं ती पाटी धड कुणालाच वाचता येत नसे. अण्णांना मात्र प्रत्येक थर पाठ होता.

"आधी ती सायबाची लेक," ते सांगायचे. "सायबानं बोटीतून यंत्रं आणली, गाणाऱ्यांना भोंग्यात तोंड घालून गायला लावलं आन् तबकड्या काढल्या. सायेब गेला, जाताना लेकीला तेलवाल्या शेटच्या घरात देऊन गेला. शेटला गाण्यातलं काय कळायचं न्हाय, पण शेटाणीला कळायचं. म्हून कंपनीचे दिस बरे गेले. शेटाणी वारली आन् पोरांनी कंपनी पंखेवाल्याला देऊन टाकली. पंखेवाला म्हणायचा, वारा बी गरगर फिरूनच येतो आन् गाणं बी, आपल्याला दोन्ही सारखंच."

"म्हणजे विकली," मी म्हटलं.

"इकत्यात बैलं. कंपनीचं तसं नसतंय."

हा इतिहास ते कुणालाही, कधीही ऐकवत. शाळेनं एकदा पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं, तर इंग्रज गेल्यावर कंपनीचं पुढं काय झालं यावर पाऊण तास बोलले. मुलांना वाटलं, हे इतिहासाच्या पुस्तकातल्या इंग्रजांच्या कंपनीबद्दलच चाललंय. सहामाहीला एका मुलीनं सरळ लिहिलं, की ती कंपनी पुढं एका पंखेवाल्यानं घेतली. गुरुजी पेपर घेऊन दुकानात आले. अण्णांनी उत्तर वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. मार्क द्या."

दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती तबकडी सहजासहजी मिळत नसे म्हणतात. लग्नाला दोन महिने झालेला एकजण विरहाची गाणी मागायला आला, तेव्हा अण्णांनी त्याला तबकडी दाखवली, फडक्यानं पुसली आणि परत फळीवर ठेवली. म्हणाले, "चार वर्सांनी या. तवा लागंल." तो माणूस पुढं माझ्याकडं पोस्टात बचत खात्याला यायचा. मी विचारलं, गेलात का मग? तो म्हणाला, "चार कशाला बाई, दोनच वर्सांत गेलो."

पण मी त्या पाकिटाबद्दल सांगत होते. ते बंद करण्याआधी अण्णांनी मला पत्र वाचून दाखवलं. वर विषय लिहिला होता: 'आपल्या तबकडीवरील महिला मंडळ हे एकच महिला असल्याबाबत.'

खाली मजकूर असा, की आपल्या कंपनीची माणसं पूर्वी ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन तेव्हाच्या उस्मानाबादला आली होती. तिथं त्यांनी बेंबळीच्या गोदावरीबाईंचं पंचमीचं गाणं घेतलं. तबकडी निघाली, पण तिच्यावर गायिकेच्या जागी 'महिला मंडळ' छापलं आहे. सदर मंडळात अध्यक्ष, सचिव, सभासद सगळ्या गोदावरीबाईच आहेत. तरी नाव दुरुस्त करून कळवावे.

"किती वर्षं लिहिताय?" मी विचारलं.

"शेटच्या काळापासनं," अण्णा म्हणाले. त्यांची कालगणना तशीच होती.

शेटच्या काळात उत्तर म्हणून एक कॅलेंडर आलं होतं. वर लक्ष्मीचं चित्र, खाली शुभेच्छा. अण्णांनी ते वर्षभर भिंतीला लावलं आणि वर्ष संपल्यावर मागच्या कोऱ्या बाजूवर पुढची पत्रं लिहिली.

कंपनीचा तपासनीस तेव्हा वर्षातून एकदा मुंबईहून यायचा. दुकानात जाहिराती नीट लावल्यात का, ते बघायला. अण्णा त्याला आधी जेवायला घालायचे. शेंगदाण्याची चटणी, धपाटी, घट्ट दही. जेवून माणूस सैलावला, की ते गाणं लावायचे आणि विचारायचे, "सायेब, किती बायका गायल्यात?"

"एक," तपासनीस म्हणायचा.

"नीट ऐका. मागं कुणी हाय का?"

"नाही हो. एकच बाई आहे."

"मग तेवढं लिहून द्या."

इथं तपासनीसाला गाडीची वेळ आठवायची. एका तपासनीसानं तर पुढच्या वर्षी आल्या आल्या सांगून टाकलं, जेवतो, पण ऐकत नाही. अण्णांनी त्याला जेवायला वाढलं आणि शेजारच्या हॉटेलच्या कर्ण्यावर गाणं लावायला सांगितलं.

पंखेवाल्यांच्या काळातली गोष्ट मुरुममध्ये अजून सांगतात. अण्णांच्या पत्राला एकदाचं उत्तर आलं: आपल्या पंख्याबाबतची तक्रार नोंदवली आहे, कारागीर येऊन जाईल. आणि खरंच, सोलापूरहून एक कारागीर पिशवी घेऊन दुकानात हजर झाला. दुसऱ्या कुणीही त्याला खरं काय ते सांगून परत पाठवलं असतं. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि दुकानातला पंखा दाखवला. तो पंखा दुसऱ्याच कंपनीचा होता आणि दोन उन्हाळे बंद होता. कारागिरानं तो उघडला, तेल घातलं, चालू करून दिला आणि सहीसाठी कागद पुढं केला. अण्णांनी लिहिलं: 'पंखा उत्तम फिरतो. गोदावरीबाईंचं नाव बाकी.' आणि सही ठोकली.

मी मुरुमला असताना पंखेवाल्यानं कंपनी एका परदेशी मालकाला दिली. त्याच्या काळातलं उत्तर मी स्वतः अण्णांना वाचून दाखवलं, कारण ते वकिली इंग्रजीत होतं आणि अण्णांचं इंग्रजी तबकडीवरच्या नावांपुरतंच. चार पानं होती. त्याचा अर्थ एवढाच, की जुन्या मालकाकडून गाणी आमच्याकडं आली आहेत, जुन्या चुकांशी मात्र आमचा संबंध नाही.

अण्णांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजी पोरगी आणली आन् तिचं नाक तितंच ठिवून आले."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. रिटायर माणसाला काहीतरी नाद हवा, तसा हा नाद. पण एका दुपारी दुकानात वीज गेलेली, सुवर्णा जेवायला घरी गेलेली, आणि मी सहज बोलून गेले, "अण्णा, एवढी वर्षं झाली. ती बाई तरी विचारते का नावाचं?"

अण्णा तबकडी पुसत होते. फडकं थांबलं.

"ती कशाला इच्यारंल," ते म्हणाले. "तिला वाटतंय नाव हाय म्हून."

मग त्यांनी सांगितलं. गोदाबाईंचं माहेर मुरुमजवळचं. तबकडी निघाली त्या साली पंचमीला त्या माहेरी आल्या होत्या. विशीतल्या असतील. नवी हिरवी साडी, सोबत आई आणि चार भावजया. दुकानात येऊन म्हणाल्या, माझं गाणं आलंय म्हणं, लावा. अण्णांनी लावलं. बाजारातली माणसं दारात गोळा झाली. गाणं संपल्यावर गोदाबाईंनी तबकडी हातात घेतली आणि मधल्या गोल कागदावर बोट ठेवून विचारलं, "माझं नाव कुठंय ह्यात?"

कागदावर सगळं इंग्रजीत होतं. तिथं उभ्या असलेल्यांत इंग्रजी वाचणारे एकटे अण्णा.

"म्या वाचलं," अण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाचलं. गायिका, गोदावरीबाई, बेंबळी."

"आणि तिथं होतं महिला मंडळ."

"व्हय. आईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. बाजूच्या फोटो स्टुडिओवाल्याला म्याच बोलावलं, तबकडी हातात घिऊन तिचा फोटो काढाया लावला. एवढं सगळं केल्यावर आता सांगू कसं? बाई, म्या जल्मात लई थापा मारल्या. गिऱ्हाइकाला मारल्या, कंपनीला मारल्या, घरात तर रोजच. पण ही एकच अशी हाय, की ती खरी करून ठिवल्याशिवाय मला मरायला येत न्हाय."

एवढं बोलून ते पुन्हा तबकडी पुसायला लागले. त्यानंतर त्यांचं पाकीट आलं की मी तिकीट जरा नीट चिकटवू लागले. दुसरं काय करणार.

मग कंपनी मोबाइलवाल्यांकडं गेली आणि अण्णांची झोप उडाली. सुवर्णानं एकदा त्यांना फोनवर दाखवलं: सगळी जुनी गाणी आता ॲपवर होती. गोदाबाईंचंही होतं. नावाच्या जागी मराठीत, ठळक: महिला मंडळ. तबकडी गोदाबाईंच्या घरी पेटीत फडक्यात गुंडाळलेली होती, आणि तिच्यावरचं इंग्रजी वाचणारं त्या घरात कुणी नव्हतं, तोवर ठीक होतं. आता नात धाराशिवला कॉलेजात होती आणि तिच्या हातात फोन होता.

"थाप उघडी पडायली बाई," अण्णा काउंटरवर वाकून हळूच म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं. त्या वर्षात त्यांनी सहा पत्रं पाठवली. मोबाइलवाल्यांकडून सहा वेळा एकच उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

आणि मग कंपनीनंच त्यांना पत्र लिहिलं. छापील, गुळगुळीत कागदावर. कंपनी आपला इतिहास ग्रंथरूपानं काढत होती. साहेबाच्या बोटीपासून आजपर्यंतचा. जुन्या विक्रेत्यांनी आठवणी आणि छायाचित्रं पाठवावीत, अशी विनंती होती.

अण्णा ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोस्टात आले आणि बाकावर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तासाभरानं म्हणाले, "बाई, आता भांडायचं न्हाय. आता लाडात यायचं."

त्यांनी पाठवलेली आठवण मी वाचली आहे. इतकी स्तुती मी लग्नपत्रिकेतसुद्धा वाचलेली नाही. कंपनी म्हणजे माउली, कंपनी म्हणजे कल्पवृक्ष. आणि बरोबर मधोमध, दोन कल्पवृक्षांच्या बेचक्यात, हे वाक्य: 'कंपनीची दृष्टी एवढी थोर, की बेंबळीसारख्या गावातल्या गोदावरीबाईंचा आवाज तिनं शोधून काढला आणि त्यांच्या नावानिशी घराघरांत पोचवला.' सोबत स्टुडिओवाल्यानं काढलेला तो फोटो.

"अण्णा, हे खरं कुठंय?" मी म्हटलं.

"गोदाबाईचं नाव खरं हाय. बाकीचं कंपनीचं हाय, ती बघंल."

"त्यांनी तपासून बघितलं तर?"

"शिव्या तपासत्यात, बाई. स्तुती कुणी तपासत न्हाय."

पुढच्या वर्षी माझी बदली धाराशिवला झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांचा फोन आला. ग्रंथ आला होता. उशीएवढा जाड. त्यात एका अख्ख्या पानावर हिरव्या साडीतल्या, म्हणजे फोटोत काळ्या दिसणाऱ्या साडीतल्या गोदाबाई, हातात तबकडी. खाली ओळ: 'ग्रामीण कलावंतांना नाव मिळवून देण्याची आमची परंपरा. गोदावरीबाई, बेंबळी.'

अण्णांनी त्याच दिवशी पत्र टाकलं. फोनवर मला वाचून दाखवलं. मोजून चार ओळी. आपल्या इतिहासात ही गायिका गोदावरीबाई आहे. आपल्या ॲपवर तीच महिला मंडळ आहे. दोन्हींपैकी एक चूक आहे. इतिहास चुकला असल्यास तसे कळवावे, म्हणजे मी वर्तमानपत्रांना कळवतो.

पन्नासेक वर्षं ज्या कंपनीनं अण्णांवर विश्वास ठेवला नाही, तिनं स्वतःच्या पुस्तकावर लगेच ठेवला. पंधरवड्यात ॲपवर नाव बदललं. त्रुटी निदर्शनास आणल्याबद्दल आभाराचं पत्रही आलं. पुढं मी ऐकलं की अण्णांनी पाटीवरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं आणि तिथं सुवर्णाचं नाव रंगवून घेतलं.

पण त्याआधी ते धाराशिवला आले. ग्रंथ फडक्यात बांधून काखेत, दाढी गुळगुळीत. "बाई, रजा टाका. बेंबळीला जायचंय. एकट्याला जमायचं न्हाय."

बेंबळीत उतरल्यावर ते दोनदा थांबले. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाच.

गोदाबाई दारात सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. बारीक, ताठ, केस पांढरे. नात कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होती, तिनं बाजेवर सतरंजी टाकली. गोदाबाईंनी अण्णांना ओळखलं. "मुरुमचे दुकानवाले न्हवं? बसा की. लई दिसांनी."

अण्णांनी ग्रंथ उघडून फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, आईनं ती साडी घेतली होती म्हणाल्या. मग नातीनं फोनवर गाणं काढलं आणि नाव वाचलं. गायिका, गोदावरीबाई, बेंबळी.

अण्णा त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"व्हय," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी वाचलं व्हतं की तवा. तेच न्हवं?"

अण्णांनी ग्रंथ मिटला. "तेच. आता मोबाइलवर बी आलंय."

"बरं झालं," गोदाबाई म्हणाल्या, आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

झालं. पन्नास वर्षांच्या पत्रांना एवढंच. अण्णांकडं बघायचा मला धीर होईना. नात पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "आधी महिला मंडळ होतं ना? मी बघितलं होतं. आजीला नाही सांगितलं." मी तिचा हात दाबला.

फोनवर गाणं चालू होतं. निम्मं झालं असेल, तोच गोदाबाईंनी हात केला. "बंद कर गं ते. मला तवा बी आवडलं न्हवतं."

अण्णा चमकले. "आवडलं न्हवतं?"

"न्हाय. चांगलं गाणं दुसरं व्हतं. आईचं. ते लांब हाय म्हून तबकडीत बसंना म्हणला सायेब. आखूड हाय का इच्यारला, म्हून मग ह्ये म्हणलं."

"दुसरं कुटलं?" अण्णांचा आवाज बदलला होता. या बाईचं आपल्याला न माहीत असलेलं काही असेल, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

गोदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पदर नीट केला. जरा आठवल्यासारखं केलं आणि सुरुवात केली. 'माज्या माहेरच्या वाटं, हुबी बाभळ पिवळी...' आवाज थरथरत होता, वर जाताना फाटत होता, पण त्या थांबल्या नाहीत. बाभळीवरून विहिरीवर गेल्या, विहिरीवरून भावाच्या बैलांवर, आणि गाणं संपायचं नावच घेईना. कुठल्याही तबकडीत ते बसलं नसतं.

मी पर्समधून फोन काढला आणि ध्वनिमुद्रण चालू करायला गेले. अण्णांनी माझ्याकडं न बघताच हात पुढं केला, माझा फोन पालथा करून सतरंजीवर ठेवला आणि वर तळवा दाबून धरला. दुसऱ्या हातानं ते गुडघ्यावर ठेका धरत होते. ठेका दर वेळी थोडा मागं पडत होता, आणि गोदाबाई गाता गाता त्यांच्यासाठी जरा थांबत होत्या.